दाराखालची पेटी

गाडी ट्रकच्या पाठीवर बसून आली. दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. रंग एके काळी लाल असावा, आता तो जुन्या विटेसारखा झाला होता. ट्रकच्या मागोमाग तिची मालकीण आपल्या साध्या मोटारीतून आली. ती आर्किटेक्ट होती, आणि बोलताना हातवारेसुद्धा मोजूनमापून करायची.

"मामांची आहे. मामा गेले, त्यांचं गॅरेज रिकामं करायचं होतं. सगळे म्हणाले, भंगारात दे. मला काही ते जमेना."

"मामांनी कुठून आणली होती?" थोरल्याने विचारलं.

"कोण जाणे! मामा म्हणायचे, मी नाही आणली, हीच माझ्याकडे आली."

थोरला हसला. जुन्या गाड्यांचे मालक असंच काहीबाही बोलतात, हे त्याला सवयीचं होतं. पत्राकाम हा त्याचा धंदा. चेपलेलं सरळ करायचं, सडलेलं कापून नवं जोडायचं. गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणत, पण गल्लीत तो थोरलाच होता, कारण एके काळी या शेडमध्ये दोघे भाऊ काम करायचे. धाकटा निघून गेल्याला एक जमाना झाला, तरी नाव मात्र चिकटून राहिलं होतं.

शेड रस्त्याला लागून, आणि शेडच्या डोक्यावर त्याचं दोन खोल्यांचं घर. मधे लोखंडी जिना. वर बायकोने कठड्यावर चमचा वाजवला की खाली समजायचं, ताट वाढलंय.

त्याने पाना उचलला नाही की जॅक लावला नाही. नुसता एक स्क्रूड्रायव्हर घेतला, गुडघ्यावर बसला आणि दाराखालच्या रंगावर टोक टेकवून जरासा जोर दिला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. लाल भुकटी भुरभुर खाली सांडली.

"बाई, ही गाडी नुसत्या रंगावर उभी आहे," तो म्हणाला. "टप असलेल्या गाडीला छपराचा तरी आधार असतो. हिला छप्परच नाही. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ही जी बंद पोकळ पेटी जाते ना, दोन्ही बाजूंना, तोच हिचा कणा. तो गेलाय. तळही गेलाय. पत्रे तयार मिळतात बाहेरून, ते मागवू. पण वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली आणि गेली.

मग त्याने एकट्याने बॉनेट उघडलं आणि डाव्या मडगार्डच्या आतून सहज हात फिरवला. हात मधेच थांबला.

पत्रा सरळ करायला दोन बाजू लागतात. बाहेरून हातोडी, आणि आतून मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा, त्याला डॉली म्हणतात. आतून डॉली दाबून धरली नाही तर हातोडीने पत्रा नुसता खड्ड्यात जातो. थोरल्याच्या डॉलीच्या कडेला फार पूर्वी एक टवका उडाला होता. ती जिथे टेकेल तिथे पत्र्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटायची. या मडगार्डच्या आत बोटांना त्या चंद्रकोरी लागत होत्या. एक नाही, रांगच्या रांग.

हे मडगार्ड त्याने आणि धाकट्याने सपाट पत्र्यातून घडवलं होतं.

तरुणपणी दोघांनी ही गाडी भंगारातून उचलली होती. गिऱ्हाइकांची कामं आटोपली की हिच्याशी झटायचं. त्यांची वाटणी ठरलेली असायची: थोरला आतून डॉली धरायचा, धाकटा बाहेरून ठोकायचा. धाकटा ठोकायच्या आधी दर वेळी म्हणायचा, "धर हं दादा!" शेवटी गाडी तयार झाली. पहिल्यांदा दोघांनी मिळून ती बाहेर काढायची असं ठरलं होतं. नेमकी त्याच सकाळी थोरल्याची दाढ ठणकायला लागली. बायको माहेरी गेलेली. तो एकटाच दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि तोंडात कापूस धरून परत आला, तर फाटक सताड उघडं. गाडी नाही, धाकटा नाही, धाकट्याची बॅगही नाही.

त्यानंतर थोरल्याने भावाचं नाव काढलं नाही. आईबापांच्या माघारी ज्याला लहानाचं मोठं केलं त्याने एका गाडीसाठी केसाने गळा कापला, हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, गिळून टाकलं. पण ते गिळलेलं कधी पचलं नाही.

बायको चहा घेऊन खाली आली ती जिन्यातच थबकली.

"ही तीच ना?"

"तीच."

"मग? परत पाठवायची?"

"कशाला? गाडीने काय घोडं मारलंय? काम आहे, करायचं."

तिला अजून काही बोलायचं होतं. पण ती कप ठेवून वर गेली.

पत्रे आले. काळा प्राइमर लावलेले, कागदात गुंडाळलेले, कोरे. थोरल्याने आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घेतले. कणा कापायचा म्हणजे गाडी मधे वाकते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत, म्हणून हा आधार. मग डाव्या पेटीचा बाहेरचा पत्रा कापला. त्याने तो उलटा करून उजेडात धरला.

आतून सगळा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेला होता. ओल्या नाण्यांसारखा वास येत होता. मात्र त्या गंजात जागोजागी गोल चकचकीत डाग होते. डॉलीच्या तोंडाएवढे. रोज कोणीतरी घासत असल्यासारखे लख्ख. प्रत्येक गोलाच्या कडेला नखाएवढी चंद्रकोर.

पेटी कारखान्यातून बंद होऊन येते. तिच्या आत बोट जात नाही, हात कुठून जाणार?

थोरल्याने फळीकडे पाहिलं. डॉली जागच्या जागी होती. त्याने तो पत्रा तसाच भंगाराच्या ढिगात टाकला, आणि वर दुसरे चार तुकडे रचले.

नवी पेटी बसली. चारी बाजूंनी वेल्ड झाली, बंद झाली. जोडाजवळ पत्रा किंचित फुगला होता. आता आतून आधार देता येणार नाही, तेव्हा हलक्या हाताने जेवढं होईल तेवढं करावं, म्हणून त्याने हातोडी टेकवली.

आवाज घट्ट आला. पोकळ यायला हवा होता. त्याने पुन्हा ठोकलं. पत्रा खड्ड्यात जाईना, उलट सपाट होत गेला. हातोडी बोटभर पुढे सरकवली, तर आतला आधारही बोटभर पुढे सरकला. मागे घेतली, तर तोही मागे आला.

भर दुपार होती. समोरच्या लेथच्या दुकानात यंत्र घरघरत होतं. थोरल्याच्या मानेवरचा घाम थंडगार झाला. पण हात थांबला नाही. इतक्या वर्षांत कोणी इतकं बिनचूक धरलं नव्हतं. जोड असा बसला की बोट फिरवलं तरी कळू नये.

मग त्याने हातोडी खाली ठेवली आणि पेटीवर तळवा टेकवला. "काय रे," तो हळूच म्हणाला, "इथे येऊन बसलास होय?"

वर जाऊन तो बायकोला म्हणाला, "धाकटा गेला असणार. कुठेतरी त्या गाडीतच गेला असणार. मला कळलंय. आता माझा काही राग नाही."

बायको भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "अहो, असं अभद्र बोलू नका. भावजी चांगले धडधाकट आहेत."

"तुला काय माहीत?"

"परवाच फोनवर बोलले माझ्याशी."

"कधीपासून बोलता तुम्ही?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "ते शपथेवर सांगतात, गाडी तुम्ही नेलीत. त्यांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही म्हणता, त्यांनी नेली. मी इथे नव्हते. दोघांतला एक खोटं बोलतोय एवढं मला दिसत होतं. कोण, ते कळून घ्यायची माझी छाती झाली नाही. ज्याच्याबरोबर संसार करायचाय तोच निघाला असता तर?"

"म्हणजे इतकी वर्षं मनात संशय ठेवून माझं ताट वाढत होतीस."

भावाचं जाणं थोरल्याला एकदाच लागलं होतं. हे मात्र त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पुन्हा पुन्हा लागत राहिलं. रोज सकाळी हसून चहा देणारी, त्याच्या खोकल्यासाठी काढा करणारी, आणि आत कुठेतरी त्याला चोर समजणारी.

सकाळी तो तिला एवढंच म्हणाला, "बोलाव त्याला."

धाकटा आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. फाटकात उभा राहून तो गाडीकडे बघत राहिला, भावाकडे नाही.

"परत आणलीस," तो म्हणाला.

"मी नेलीच नव्हती. माझी दाढ काढली त्या दिवशी."

"दादा, मी स्वतः फाटक उघडलं. तू गाडी काढलीस. मला वाटलं, बाहेर थांबशील, मला घेशील. मी हसतोय खुळ्यासारखा, आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. समोर बघत निघून गेलास. मी कोपऱ्यापर्यंत धावलो. मग वाट बघत बसलो. मग बॅग उचलली." तो थांबला. "तुझा चेहरा मी ओळखणार नाही का?"

दोघेही खरं बोलत होते. ते दोघांनाही एकाच वेळी दिसलं, आणि त्याने दिलासा मिळण्याऐवजी दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

थोरल्याने त्याला डाव्या पेटीपाशी नेलं, हातोडी दिली. "ठोक."

धाकट्याने ठोकलं. एकदा, दोनदा. मग डोळे मिटून, जागा बदलत बदलत. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, लहानपणी जत्रेत हरवून सापडल्यावर उजळतं तसं.

"अरे, हा तूच आहेस," तो म्हणाला.

"काय?"

"हा हात तुझा आहे, दादा. आधी जरा सैल धरतोस, मग ऐन ठोक्याला दाबतोस. आयुष्यभर याच्यावर ठोकलंय मी. माझा हात चुकेल, पण हा नाही."

थोरल्याला ते कळलं नव्हतं, कारण आपलीच पकड दुसऱ्या बाजूने कशी लागते हे माणसाला कुठून कळणार? "माझा हात हा इथे आहे," तो म्हणाला आणि डॉली उचलून एका सुट्या मडगार्डला आतून लावली. "ठोक."

धाकट्याने ठोकलं. त्याचा चेहरा उतरला. "नाही रे. हे असं नव्हतं."

"वय झालंय. मनगट दुखतं."

"असेल," धाकटा म्हणाला. पण नजर पेटीकडे होती.

तो राहिला. म्हणाला, आलोच आहे तर काम संपवून जातो. तळाचे पत्रे बसले, मागची बाजू बसली. ठोकायचं काम तो करायचा, आणि धरायला त्याला कोणी लागत नव्हतं. पेटीपाशी बसून तो जुन्या गप्पा मारायचा, मधेच खो खो हसायचा. "धर हं दादा!" म्हणायचा, आणि शेडच्या दाराशी उभा असलेला थोरला नकळत पुढे व्हायचा. मग लक्षात यायचं, हाक आपल्याला नाही.

एकदा समोरचा लेथवाला म्हणाला, "मघाशी माझ्याकडे बसून चांगला गप्पा मारत होतास, आता तोंड पाडून उभा? भावाशी भांडलास काय?" थोरला सकाळपासून शेडबाहेर पडला नव्हता.

एकदा चमचा वाजला नाही म्हणून तो आपणच वर गेला, तर बायको म्हणाली, "पुन्हा भूक लागली? आत्ताच तर जेवून उठलात." मोरीत उष्टं ताट होतं. त्याचंच ताट. बायको मात्र खुशीत होती. "बरं झालं बाई, मिटलं एकदाचं. काल किती दिवसांनी मोकळं बोललात माझ्याशी. मला माफ केलंत, खरंच सांगते, डोक्यावरचं ओझं उतरलं."

त्याने तिला माफ केलेलं नव्हतं. काल तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता.

शेवटी उजव्या बाजूची पेटी तेवढी उरली. थोरला म्हणाला, "ही बंद करायची नाही. गाडी आहे तशी बाईंना परत देऊ."

धाकट्याने मान वर केली. "कणा उघडा टाकून गाडी परत द्यायची? दादा असं कधी म्हणाला नसता."

"मीच दादा आहे!"

पत्रा जागेवर धरून धाकट्याने वेल्डिंगचे टाके घ्यायला सुरुवात केली.

थोरल्याने ग्राइंडर उचलला. डावी पेटी पुन्हा कापायची, आत कोण आहे ते उजेडात बघायचं, मग जे व्हायचं ते होवो. चाक फिरायला लागलं. पत्र्याला टेकणार इतक्यात धाकट्याने त्याचं मनगट धरलं. जोरात नाही. अगदी सांभाळून, जपून. त्याने ग्राइंडर बंद केला आणि काढून घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "हात कापेल तुमचा."

तुमचा.

जन्मापासून या भावाने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

थोरला नळाशी गेला. त्याने तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ मारत राहिला. मागे वेल्डिंगचा चरचर आवाज आला, थांबला. दारांतले आधाराचे पाइप कापून खाली पडल्याचा खणखणाट झाला. मग हातोडीचे ठोके. घट्ट, एका लयीत.

मग तेही थांबले.

इंजिन सुरू झालं.

तो ओल्या तोंडाने धावला. गाडी फाटकातून बाहेर पडत होती. धाकटा होता, पण शेजारच्या सीटवर. तोंड भरून हसत, हात बाहेर टाकून बसलेला. समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. स्टिअरिंगवरचे दोन हात तेवढे दिसले. मनगटं भक्कम होती.

गाडी कोपऱ्यावर वळली. दारं जराही खडखडली नाहीत.

थोरला जिना चढून वर गेला. दार उघडंच होतं. बायको कणीक मळत होती. पावलं ऐकून ती हात झटकत बाहेर आली, आणि त्याच्याकडे बघून अदबीने थांबली.

"कोण हवंय आपल्याला?"

त्याने जिन्याखाली शेडकडे हात केला.

"मिस्त्री ना? ते आत्ताच गेले, भावाबरोबर गाडी फिरवून आणायला." तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो त्याने लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतच काय तो पाहिला होता. "खाली बसता का? येतीलच. उन्हातून आलात, पाणी देते."

तिने पाणी आणलं. काचेच्या पेल्यात, पाहुण्यांना देतात तसं. तो घोट घोट पीत तिच्याकडे बघत राहिला. ती थोडी अवघडली, "पेला तिथेच कठड्यावर ठेवा हं," म्हणाली आणि आत वळली.

दार लोटलं गेलं. मग आतून कडी लागली. अगदी हलकेच, बाहेरच्या माणसाला वाईट वाटू नये अशी.